साष्टीतल्या दारूभट्टीचे भांडे

साष्टी बेटावर, म्हणजे आज जिथे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरे पसरली आहेत त्या भागात, 19व्या शतकाच्या मध्यापर्यंत दारू गाळणे हा गावातलाच उद्योग होता. भंडारी माडा-ताडावर चढून रस उतरवत. त्याची माडी-ताडी होई आणि ती गाळून दारूही काढली जाई. डोंगराकडच्या पाड्यांत मोहाची फुले भिजत घालत. भट्टीची मांडणी साधी होती. चुलीवर मातीचे मडके, तोंडाशी उपडे झाकण, चिखल आणि चिंध्यांनी लिंपलेला सांधा, त्यातून निघणारी बांबूची नळी आणि नळीच्या टोकाशी गार पाण्यात बसवलेले दुसरे मडके.

चुलीवरच्या मडक्यातला सडवा, म्हणजे आंबवलेले मिश्रण, संथपणे उकळे, आणि त्याचे श्रेय बरेचसे मातीला जाते. द्रव उकळण्यासाठी बुडबुडा धरायला जागा लागते. खरबरीत पृष्ठभागाच्या बारीक खळग्यांत हवा अडकून राहते आणि वाफेचे बुडबुडे तिथून सुटतात. भांडे गुळगुळीत असेल, तर द्रव उत्कलनबिंदूच्या वर तापूनही शांत दिसतो आणि मग एकदम उसळतो. फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसाक यांनी 19व्या शतकाच्या सुरुवातीला हे मोजून दाखवले. काचेच्या भांड्यात पाणी सुमारे 101.2 अंश सेल्सिअसला उकळत होते. त्यात लोखंडाचा कीस टाकताच ते 100 अंशांवर आले. झिलई नसलेल्या मडक्याचा सच्छिद्र तळ आणि मोहाचा चोथा मिळून नेमके हेच काम करत. मात्र चोथा तळाशी बसून करपण्याची भीती असे, म्हणून जाळ मंद ठेवावा लागे. सडवा उसळला की फेस आणि चोथा नळीत शिरतो, नळी तुंबते, लिंपण फुटते आणि वाफ चुलीच्या जाळावर येते. मडके अर्धवटच भरत, त्यामागचे कारणही हेच.

प्रयोगशाळेत हेच तत्त्व पुढे नेटके झाले. चिनी मातीच्या भाजलेल्या, झिलई नसलेल्या खापऱ्या, प्युमिस दगड, कार्बोरंडम, काचेचे मणी असे पदार्थ उकळणाऱ्या द्रवात टाकतात. ते द्रव थंड असतानाच टाकायचे असतात, कारण तापलेल्या द्रवात टाकले तर तो एकदम उफाळतो. भांडे थंड झाले की छिद्रांत द्रव भरतो, म्हणून एकदा वापरलेली खापरी पुन्हा भरवशाची राहत नाही. संगमरवराचे तुकडे मात्र आंबलेल्या, आम्लयुक्त सडव्याला चालत नाहीत. ते विरघळतात आणि वायू सोडून फेस वाढवतात.

सरकारी महसुलाने ही घरगुती भट्टी मोडली. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळण्यावर सरकारचा ताबा घट्ट झाला. उरणच्या मोठ्या भट्ट्यांतून मोहाची दारू पुरवली जाऊ लागली. साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, आणि 1892 च्या मोहा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांच्या साठवणुकीवर निर्बंध आले. फुले खाण्यासाठीही वापरणाऱ्या आदिवासींवर हा अन्यायच होता. उरणसारख्या मोठ्या भट्टीला मातीपेक्षा तांब्याचे भांडे सोयीचे. तांबे उष्णता सारखी पसरवते आणि गंधकाचे उग्र वास धरून ठेवते, पण आम्ल त्याला खाते, म्हणून ते स्वच्छ ठेवणे अपरिहार्य असते.

1949 च्या दारूबंदी कायद्याने 1950 पासून मुंबई राज्यात संपूर्ण बंदी आली आणि भट्टी खाडीच्या तिवरांत, डोंगराच्या कपारींत लपली. आता भांडे निवडण्याची कसोटी बदलली. पत्र्याचा डबा किंवा पिंप चालू लागले, कारण पोलिस आले तर ते टाकून पळता येई. मोहाच्या जागी काळा गूळ आणि नवसागर आला. नवसागर पाण्यात विरघळून आम्लता वाढवतो आणि लोखंड, जस्त, पितळ झिजवतो. जस्ताचा मुलामा आणि शिशाचे डाख अशा सडव्यात उतरतात. त्या पिंपात उकळी संथ राखणारे मातीचे खळगे नव्हते आणि दर्जाची जबाबदारी घेणारा कोणी नव्हता. 1960 नंतर परवान्यांनी बंदी सैल झाली, तरी परवान्याविना दारू गाळणे आजही गुन्हा आहे.

2004 च्या डिसेंबरात विक्रोळीत आणि 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने जे मृत्यू झाले, त्यांचे कारण मात्र भांडे किंवा उकळी नव्हती. मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली, ती औद्योगिक मिथेनॉलने. मिथेनॉल 64.7 अंशांना आणि पिण्याचे अल्कोहोल 78.4 अंशांना उकळते. पण विष गाळल्यानंतर मिसळले गेले, तर भट्टी कितीही चांगली असली तरी ते वेगळे होत नाही.