प्रथिने ओळखणाऱ्या पॉलिमर पुटिका

पानावर लक्षणे दिसेपर्यंत विषाणू शेजारच्या झाडांवरही पोहोचलेला असू शकतो. त्यामुळे विषाणूच्या कवचातील प्रथिन लवकर ओळखणाऱ्या चाचण्या महत्त्वाच्या ठरतात. पॉलिमर पुटिकांचे जैवसंवेदक हा त्यासाठी संशोधनात असलेला एक मार्ग आहे.

रचना : पुटिका म्हणजे अतिसूक्ष्म पोकळ पिशवी. डायअसिटिलीन गटाचे रेणू पाण्यात एकत्र येऊन ती तयार होते. अतिनील किरण दिल्यावर रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पुटिका निळी दिसते. तिच्या पृष्ठभागावर पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी बसवतात.

कार्य : पेप्टाइडला ठरावीक प्रथिन चिकटले की पॉलिमरच्या साखळीवर ताण येतो आणि निळा रंग लाल होतो. १९९३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी अशाच पॉलिमरच्या पातळ थरावर इन्फ्लुएंझा विषाणू ओळखला होता. तेथे पेप्टाइडऐवजी सियालिक आम्ल वापरले होते.

बीटी कपाशीतील क्राय प्रथिन ओळखणारी पट्टी अनेकांच्या परिचयाची आहे. तिच्यात हे काम प्रतिपिंडे करतात. पेप्टाइड त्यांच्यापेक्षा लहान असते आणि प्रयोगशाळेत रासायनिक पद्धतीने बनवता येते.

मर्यादा : उष्णता, सामूतील बदल किंवा सेंद्रिय द्रावक यांमुळेही पुटिका लाल होते. म्हणून निरोगी पानाचा रस आणि पेप्टाइड नसलेल्या पुटिका यांची चाचणी सोबत घ्यावी लागते.

केवळ रंग बदलला म्हणून झाडे उपटू नयेत. एलायझा किंवा पीसीआर चाचणीने खात्री करून मगच निर्णय घ्यावा.