‘ल हेर’चा वाद : एका द्यूतचर्चेचा इतिहास

खेळातील डावपेचांची चर्चा बहुधा जिंकणाऱ्याच्या फुशारकीत किंवा हरणाऱ्याच्या हळहळीत विरून जाते. तिला शास्त्रार्थाची पायरी कशी गाठता येते, हे पाहण्यास अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये ‘ल हेर’ या पत्त्यांच्या डावावरून झालेला वाद उपयुक्त आहे.

पिएर रेमों द मोंमोर याने १७०८ मध्ये द्यूतगणितावरील ग्रंथ प्रसिद्ध करून त्याच्या अखेरीस हा डाव अनिर्णित प्रश्न म्हणून मांडला. त्याचे स्वरूप सोपे आहे. वाटणारा पिएर पॉलला एक पान देतो व स्वतः एक घेतो. पॉलला आपले पान पिएरच्या पानाशी बदलता येते. पिएरजवळ राजा असल्यास मात्र तो नकार देतो. मग पिएरला हवे तर गड्डीतील पान घेता येते. मोठे पान जिंकते. बरोबरीत पिएरची सरशी होते.

निकोलस बेर्नुली, वाल्डेग्रेव्ह नावाचा इंग्रज गृहस्थ व ओर्बेचे मठाधीश यांनी या प्रश्नाचा ऊहापोह केला. गणित करता करता मतभेद दोनच पानांपुरता उरला : पॉलने सत्ती बदलावी काय आणि पिएरने अठ्ठी बदलावी काय? बेर्नुलीच्या मते दोघांनीही बदलावी. इतरांचा आक्षेप असा की, एकाचा योग्य निर्णय दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असल्याने हा युक्तिवाद चक्राकार फिरतो. या कोंडीतून वाल्डेग्रेव्हने मार्ग काढला. निर्णय ३ व ५ या प्रमाणात दैवावर सोपवावा, हा त्याचा तोडगा मोंमोरने १३ नोव्हेंबर १७१३ च्या पत्राने बेर्नुलीस कळविला. आज ज्यास मिश्र व्यूहनीती म्हणतात, तिचे हे आद्य ज्ञात उदाहरण होय. फॉन नॉयमनचा व्यापक सिद्धान्त १९२८ मधील. रोनाल्ड फिशरने १९३४ मध्ये याच डावाची उकल स्वतंत्रपणे केली.

या चर्चेचा दर्जा एकमतावरून ठरत नाही. एकमत झालेच नाही. नियम आधी निश्चित झाले, गणित सर्वांनी पडताळले आणि मतभेदाचे नेमके स्थान सापडले. शिवाय मोंमोरने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत ही पत्रे, विरुद्ध मतांसह, छापली. न्यायदर्शनाने वाद, जल्प व वितंडा असा भेद केला आहे. त्यांतील ‘वाद’ या संज्ञेस ही चर्चा पात्र ठरते. पूर्वपक्ष जपून ठेवला गेला, म्हणूनच पुढील पिढ्यांना उत्तरपक्ष पारखता आला.