आवाड, एकनाथ

आवाड, एकनाथ : (१९५६–२५ मे २०१५). मराठवाड्यातील वकील, दलित व भूमिहीनांच्या हक्कांचे लढवय्ये कार्यकर्ते आणि मानवी हक्क अभियानाचे संस्थापक. कार्यकर्ते त्यांना ‘जिजा’ म्हणत.

त्यांचा जन्म बीड जिल्ह्यातील दुकडेगावी मांग (मातंग) समाजातील गरीब कुटुंबात झाला. वडील पोतराज होते. एकनाथ शिकले आणि वडिलांच्या जटा त्यांनी स्वतः कापल्या. देवीच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले मागणे त्यांनी आधी आपल्या घरात थांबवले, म्हणून या घटनेला त्यांच्या चरित्रात मोठे स्थान आहे. औरंगाबादला शिकताना ते दलित पँथर आणि नामांतर चळवळीत आले. १९७८ साली विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. तेही मातंग होते. आवाडांची पिढी या आगीतून घडली.

पुढे ठाणे जिल्ह्यात विवेक पंडित यांच्यासोबत त्यांनी आदिवासी वेठबिगारांच्या मुक्तीचे काम केले. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपली होती, पण ती कागदावर.

१९९० मध्ये मराठवाड्यात मानवी हक्क अभियान उभे राहिले. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याच वर्षी जानेवारीत अमलात आला होता. हा कायदा आणि त्याखालचे १९९५ चे नियम पीडितांच्या बाजूने बरेच काही सांगतात : तपास उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, पीडिताला मदतीची रक्कम टप्प्याटप्प्याने द्यायची, जिल्ह्यात दक्षता समिती नेमायची, कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावरही खटला भरता येतो. मात्र यातले काहीही आपोआप होत नाही. मार खाल्लेला शेतमजूर ठाण्यात जातो तेव्हा त्याच्या फिर्यादीत या कायद्याचे कलम लागेलच असे नाही. ते न लागल्यास पुढची मदतही बुडते. गावातील शेतमालकाच्या रोजगारावरच त्याची चूल पेटते, त्यामुळे तडजोडीचा दाब येतो आणि साक्षीदार फिरतात. आवाडांच्या कायद्याच्या शिक्षणाचे खरे मोल इथे होते. फिर्याद नोंदवून घेण्यापासून ते पीडिताला एकटे न सोडण्यापर्यंतचा सारा भार अभियानाने उचलला.

गायरानाचा लढा हे त्यांचे सर्वांत मोठे काम. मारहाणीच्या मुळाशी भूमिहीनता आहे, हे त्यांनी ओळखले होते. बीडपासून लातूर आणि नांदेडच्या मुखेड-कंधारपर्यंत पसरलेल्या बालाघाटच्या माळावर गायरानाच्या सरकारी पडीक जमिनी आहेत. दलित कुटुंबांनी त्या नांगरल्या, त्यांत ज्वारी-तूर पेरली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची पात्र अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. परंतु कसणाऱ्याच्या हातात पुरावा हवा. तलाठ्याच्या गाव नमुना एक-ई मध्ये नाव, पंचनामा, दंडाची पावती, पीकपेऱ्याची नोंद – हे कागद मिळवणे हाच लढ्याचा मोठा भाग होता. उभ्या पिकात जनावरे सोडली जात, त्याचीही तक्रार करायला लोक शिकले. बायकांच्या बचतीसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाने संस्था निघाली, कारण सावकाराच्या दारात उभे राहणाऱ्याला त्याच्याविरुद्ध साक्ष देता येत नाही. आपल्याकडच्या सामाजिक कामात इतकी मुळापर्यंत जाणारी समज क्वचितच दिसते.

२००६ मध्ये त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मातंग समाजात आंबेडकरी विचार रुजवण्याच्या त्यांच्या आयुष्यभराच्या आग्रहाशी हे सुसंगत होते. जग बदल घालुनी घाव हे त्यांचे आत्मकथन. जेरी पिंटो यांनी ते इंग्रजीत नेले. हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

गायरानाचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गायरानासारख्या गावसामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद त्यात ठेवला. राज्यात त्यानंतर निघालेल्या बेदखलीच्या नोटिसा मात्र गायरान कसणाऱ्या गरिबांपर्यंतही पोहोचल्या, आणि त्यांच्यातील अनेकांच्या नावावर सातबारा अजून झालेला नाही.