सोर्स कोड खुला झाला, इंस्टॉलर कोण देणार?

१९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. दोन्ही कागद पक्के होते. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्या ठरावाचा उपयोग आपल्या माणसांना करता आला नव्हता. हा इतिहास तुम्हाला पाठ आहे. मी तो सॉफ्टवेअरविषयी बोलण्यासाठी काढला आहे. हसण्याआधी पुढचे वाचा.

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरा, आतून वाचा, बदला, दुसऱ्याला द्या, असा तो विचार. त्यातून विज्ञानाची साधनेही आली. मॅटलॅबचा परवाना परवडत नाही त्यांच्यासाठी ऑक्टेव्ह आणि सायलॅब, आकडेवारीसाठी न्यूझीलंडमध्ये जन्मलेली आर भाषा, आणि पायथॉनसाठी २००१ पासून सायपाय. कागदावर तळे खुले झाले.

पण सायपाय विंडोजच्या संगणकावर चालवायचे म्हणजे काय, हे त्या काळात ज्यांनी केले त्यांना विचारा. तिच्या पोटात फोरट्रान भाषेतले जुने गणिती कोड आहे. ते यंत्राच्या भाषेत उतरवायला कंपायलर लागतो, आणि विंडोजमध्ये तो आयता नसतो. ब्लास, लॅपॅक ही गणिताची वेगळी लायब्ररी आधी बसवायची. एकीला दुसरीची विशिष्ट आवृत्ती हवी, तिसरीला त्याच दुसरीची वेगळी. एक चुकले की इंग्रजीत पानभर एरर. मोठ्या विद्यापीठात हे निस्तरायला पगारी माणूस असतो. तालुक्याच्या कॉलेजात लॅब असिस्टंटकडे लॅबची किल्ली असते, बस्स.

इंस्टॉलर हे सगळे एकदाच करून ठेवतो. कंपायलरचे काम बनवणाऱ्याने आधी उरकायचे, लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी जुळत्या आवृत्तीत एका फाईलमध्ये बांधायच्या, वापरणाऱ्याने डबल क्लिक करून नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. आर भाषेने विंडोजसाठी अशी तयार फाईल दिली. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांपर्यंत आर पोचली, त्यात माझ्या मते या फाईलचा वाटा तिच्यातल्या गणिताइतकाच आहे.

तरीही विज्ञानाच्या जगात हे काम दुय्यम मानतात. सूत्र शोधणाऱ्याचा शोधनिबंध छापतात, त्याचे दाखले देतात, त्याला बढती मिळते. फाईल बांधणारा रात्री जागून एरर काढतो आणि त्याचे नाव कुणी विचारत नाही. ही जात नव्हे. पण डोक्याचे काम वर आणि हाताचे काम खाली, ही उतरंड आपल्याला चांगली ओळखीची आहे.

आपल्याकडे आयआयटी मुंबईत केंद्र सरकारच्या पैशातून फॉसी प्रकल्प उभा राहिला. त्यांचे ई-सिम हे इलेक्ट्रॉनिक सर्किटचे सॉफ्टवेअर. कायकॅड, एनजीस्पाइस ही वेगवेगळी खुली साधने त्यात एकत्र बांधून विंडोजसाठी इंस्टॉलर दिला आहे. पोलादी बांधकामाचे ऑसडॅगही तसेच. प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेले स्पोकन ट्युटोरियल मराठीतही ऐकता येते. हे काम मला मोलाचे वाटते. तक्रार एवढीच, की आवाज मराठी असला तरी पडद्यावरची बटणे इंग्रजीच राहतात, आणि पवईपासून आमच्या शेणव्यापर्यंत हे आहे असे सांगणारेच कुणी येत नाही. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणे आमच्या शहापूर तालुक्यात. उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात ते पाडेही आमच्याच तालुक्यातले.

दरवाजा कुणी बांधला, हा प्रश्नही छोटा नाही. पायथॉनची शेकडो साधने एका इंस्टॉलरमध्ये देणारे अॅनाकोंडा २०१२ मध्ये एका कंपनीने आणले. जगभरच्या विद्यार्थ्यांची सोय झाली. २०२० मध्ये कंपनीने अटी बदलल्या. दोनशेहून अधिक नोकरदार असलेल्या व्यावसायिक संस्थांनी पैसे भरावेत, असे ठरवले. कंपनीलाही पगार द्यायचे असतात, ते खरे. पण महाड नगरपालिकेनेही १९२७ च्या ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला होता, हे विसरू नका. दुसऱ्याने दिलेली सोय तो काढूनही घेऊ शकतो.

इथे कागदाचे महत्त्वही कळते. आतला कोड खुल्या परवान्याचा होता म्हणूनच कोंडा-फोर्ज या स्वयंसेवकांच्या समूहाला मिनीफोर्ज नावाचा दुसरा इंस्टॉलर बांधता आला. चवदार तळ्याचा खटलाही आपण कोर्टात लढलो आणि १९३७ मध्ये हायकोर्टात जिंकलो.

आता आपले काम. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये लहान शेतजमिनींवर लिहिताना आकडे मांडून वाद घातला. आपण पाड्यावरच्या पाण्याचे, रेशनचे, शिष्यवृत्तीचे सर्वेक्षण करतो आणि भरलेले फॉर्म गठ्ठ्यात ठेवून देतो, कारण एसपीएसएस विकत घेणे झेपत नाही. चोरीची प्रत वापरून काढलेला आकडा तहसीलदारापुढे ठेवताना मला तरी बरे वाटत नाही. त्याची गरजही नाही. आपली कितीतरी मुले पुण्यात, ठाण्यात आयटीत आहेत. वर्गणीइतकीच त्यांच्या दोन रविवारांची गरज आहे. इंटरनेटशिवाय बसेल, जुन्या चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालेल, आर आणि सर्वेक्षणाला लागणारी मोजकी पॅकेजेस एकत्र असतील आणि सूचना मराठीत असतील, असा एक इंस्टॉलर त्यांनी बांधावा. नुसत्या आरची विंडोजची फाईल शंभर एमबीच्या आसपास आहे, म्हणजे सगळे मिळून साध्या पेन ड्राईव्हवर मावेल. शेणवा, किन्हवली, डोळखांब पट्ट्यात त्याची चाचणी घ्यायला लॅपटॉप आणि मुले मी जमवतो. ज्यांना बांधता येते त्यांनी कळवावे.

जय भीम.