लढाई संपली, पण घरी जायचं कुठे?

आम्हा नाशिककरांना 'कॅम्प' म्हटलं की देवळालीच आठवते. लष्कराच्या बराकी आणि फाळणीनंतर तिथे आलेली सिंधी कुटुंबं. पण गेले काही दिवस माझ्या डोक्यात घोळतोय तो कोल्हापूरजवळचा कॅम्प. वळिवड्याचा.

१९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५००० पोलिश लोक राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. १९४०-४१ मध्ये रशियाने यांना पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. मग हिटलर रशियावर उलटला, तेव्हा स्टालिनने यांना सोडलं. पुरुष सैन्यात गेले आणि बाकीचे इराणमार्गे इकडे आले. वळिवड्यात शाळा, चर्च, दवाखाना सगळं उभं राहिलं.

८ मे १९४५ ला युरोपातली लढाई थांबली. आता काय, सामान बांधा आणि घरी जा! आपल्याला असंच वाटतं ना? पण फेब्रुवारीत याल्टाला तीन बड्या नेत्यांनी पोलंडची सीमा पश्चिमेला सरकवली होती. घर जिथल्या तिथे, पण देश बदललेला. ल्वूफ शहर सोव्हिएत युनियनमध्ये गेलं (आज ते युक्रेनमध्ये आहे). ज्यांनी सैबेरियात पाठवलं, त्यांच्याच राज्यात परत जायचं?

त्यात जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यताच काढून घेतली. छावणीचा खर्च त्याच सरकारच्या नावावर होता! म्हणजे युद्ध जिंकणाऱ्या बाजूचे हे लोक, आणि शांतता आल्यावर ना घर, ना सरकार. पुढे 'उन्रा' या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेने छावणी सांभाळली. काही जण पोलंडला परतले. ज्यांचे नवरे किंवा वडील ब्रिटिशांच्या बाजूने लढले होते, ते इंग्लंडला गेले. काही आफ्रिकेतल्या दुसऱ्या छावण्यांत. म्हणजे पुन्हा छावणीच.

आणि त्या रिकाम्या बराकींत कोण आलं? सिंधी निर्वासित. त्यांचीही घरं जागेवरच होती, मधून नवी रेघ गेली होती. वळिवडे कॅम्पचं गांधीनगर झालं.

हो, तेच ते कापडाच्या होलसेल बाजाराचं गांधीनगर. मावसबहिणीच्या लग्नाचा बस्ता आम्ही तिथेच बांधला. चार तास दुकानं पालथी घातली, पण इथे कधीकाळी पोलिश शाळा भरत होती हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.