लॉग : एका फळीची कुळकथा

अकरावी-बारावीला शास्त्र शाखा घेतलेल्या कोणालाही ‘लॉग’ म्हटले की लॉगटेबल आठवते. तो लॉग वेगळा. जॉन नेपियरने १६१४ साली ग्रीक शब्द जोडून जो ‘लॉगॅरिदम’ घडवला, त्याचे ते लाडके आखूड रूप. आपण रोज ‘लॉग-इन’ आणि ‘लॉग-आउट’ करतो, सर्व्हरचे ‘लॉग’ तपासतो, त्या लॉगचे कूळ समुद्रावरचे आहे. त्याचा अर्थ अगदी साधा : लाकडाचा ओंडका.

शिडाच्या जहाजावरच्या माणसाला आपण किती वेगाने चाललो आहोत हे कळायला काही साधन नव्हते. चहूकडे पाणी, बाजूने मागे जाणारे झाड नाही की मैलाचा दगड नाही. वेग कळला नाही तर अंतर कळत नाही, आणि अंतर कळले नाही तर किनारा अंधारात अचानक समोर येतो. त्यावर खलाशांनी काढलेली युक्ती विल्यम बोर्न नावाच्या इंग्रजाने १५७४ साली आपल्या नौकानयनावरच्या पुस्तकात लिहून ठेवली. जहाजाच्या मागच्या बाजूने एक लाकूड दोरीला बांधून पाण्यात टाकायचे. लाकूड जागच्या जागी राहते, जहाज पुढे जाते. ठरावीक वेळात किती दोरी सुटली ते मोजायचे.

पुढे त्या ओंडक्याची नेटकी फळी झाली. आकार चतकोर भाकरीसारखा. गोल कडेला शिसे भरलेले, म्हणजे ती पाण्यात उभी राहून पाणी अडवेल. कोपऱ्यांना दोऱ्या, पतंगाला तोलून बांधतात तशा. एक जण फिरकी डोक्याच्या वर धरी, दुसरा फळी टाकी, तिसऱ्याच्या हातात २८ सेकंदांचे वाळूचे घड्याळ. दोरीला दर ४७ फूट ३ इंचांवर गाठ मारलेली असे. जहाजामागच्या खळबळत्या पाण्यातून फळी बाहेर पडेपर्यंतची दोरी मोजायची नाही. तिथे खुणेला कापडाची चिंधी बांधलेली. चिंधी हातातून गेली की घड्याळ उलटायचे. शेवटचा कण पडला की दोरी गच्च धरायची. त्या हिसक्याने फळीची एक खुंटी निसटे, फळी आडवी होई आणि मग ती सहज ओढून घेता येई. जितक्या गाठी हातातून गेल्या तितके सागरी मैल ताशी वेग. कागद घेऊन हिशेब करून पाहा : २८ सेकंदांत ४७ फूट ३ इंच, तर तासाला ६,०७५ फूट, म्हणजे जवळजवळ नेमका एक सागरी मैल. जहाजाचा वेग आजही ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींतच सांगतात.

या मोजणीची नोंद ज्या पद्धतीने होई, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुस्तकासारख्या मिटणाऱ्या दोन काळ्या फळ्यांवर खडूने तास, गाठी, दिशा आणि वारा लिहीत. त्या पाटीला म्हणत लॉग-बोर्ड. दर दिवसाला तिच्यावरचा मजकूर वहीत उतरवून घेत आणि पाटी पुसून टाकत. ती वही म्हणजे लॉगबुक. कच्ची नोंद पुसायची आणि कामाची तेवढी वहीत न्यायची, हा नियम त्या रचनेतच होता. लिहिणारा जहाजावरचा, वाचणारा जहाजावरचा, आणि लिहिलेले असे ते जहाजाबद्दल.

अर्थात वही हाताशी आली की तिच्यात माणसेही येतातच. ब्रिटिश आरमाराच्या लॉगबुकांत वाऱ्याच्या नोंदीशेजारीच कोणत्या खलाशाला कशाबद्दल किती फटके मारले तेही सापडते. ज्याच्या पाठीवर फटके पडले त्याच्या हातात ती वही नव्हती.

आणि एकदा लिहिलेली गोष्ट, लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनी नसलेल्या कामाला येते. मॅथ्यू माउरी हा अमेरिकी नौदलातला अधिकारी घोडागाडीच्या अपघातात पाय मोडल्यामुळे समुद्राला मुकला. १८४२ साली त्याला वॉशिंग्टनमधल्या नकाशे-उपकरणांच्या कोठारावर नेमले. तिथे जुन्या लॉगबुकांचे ढीग होते. माउरीने त्यांतून वारे आणि प्रवाह वेचून १८४७ साली उत्तर अटलांटिकचा नकाशा छापला. आपल्या काळात हवामानशास्त्रज्ञांनी १७५० ते १८५० या शतकातल्या लॉगबुकांवरून समुद्रांवरचे जुने हवामान उभे केले. हिंदुस्थानात ये-जा करणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची लॉगबुके आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. नोंदीचा उपयोग मी कमी लेखत नाही तो यामुळेच. पण वारा मोजला म्हणून वाऱ्याचे काही बिघडत नाही. माणसाच्या नोंदीचे गणित निराळे असते.

संगणकाच्या खोलीत लॉगबुक आले ते जहाजावरचीच सवय घेऊन. हार्वर्डच्या मार्क टू या यंत्राची वही कागदाचीच होती. ९ सप्टेंबर १९४७ रोजी यंत्राच्या रिलेमध्ये एक पतंग-किडा अडकलेला सापडला. तो चिकटपट्टीने त्या वहीत चिकटवून खाली नोंद केली. ती वही आणि तो पतंग अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. इथेही नोंद होती ती यंत्राच्या तब्येतीची.

१९६१ साली एमआयटीमध्ये सीटीएसएस ही प्रणाली आली आणि एकच संगणक अनेकजण एकाच वेळी वापरू लागले. संगणकाचा वेळ महाग. कोण बसला, किती मिनिटे बसला, हा हिशेब ठेवणे भाग होते. म्हणून काम सुरू करताना ‘लॉगिन’ असा आदेश द्यावा लागे. वहीत नाव घालून आत येणे, इतकाच त्याचा अर्थ. इथे वहीने बाजू बदलली. जहाजाऐवजी आता ती खलाशाची नोंद ठेवू लागली, आणि लिहिणारे होते खुद्द यंत्र. इंटरनेट आल्यावर याच शब्दाला एक मोकळे मूलही झाले : १९९७ मधला ‘वेबलॉग’, जो दोन वर्षांत ‘ब्लॉग’ झाला. तिथे मात्र लिहिणारा आपल्या मर्जीने लिहितो.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बर्कलीत बिल जॉयने युनिक्ससाठी ‘सी शेल’ लिहिला. त्यात मागे टंकलेल्या आज्ञा लक्षात ठेवण्याची सोय होती आणि तिचे नाव होते ‘हिस्टरी’. तेच नाव पुढे ब्राउझरमध्ये आले आणि मराठीत त्याचे ‘इतिहास’ झाले. ‘इति ह आस’, म्हणजे असे खरोखर घडले. शब्द मोठा आहे, पण चपखल बसला आहे.

या इतिहासाचे दोन अनुभव माझ्या मनात शेजारी-शेजारी आहेत. आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा मी बरेच वाचले होते. नंतर डॉक्टरांना एक गोष्ट विचारायची होती आणि ते पान काही केल्या सापडेना. कंट्रोल आणि एच या कळा दाबल्या, तीन आठवडे मागे गेलो आणि पान मिळाले. त्या दिवशी त्या सोयीचे आभार मानले. पण त्याच यादीत, तारीखवार, आईचे सगळे दुखणे लिहिलेले होते. यादी माझी, दुखणे तिचे.

दुसरा अनुभव फार आधीचा. तालुक्याच्या गावी एक सायबर कॅफे होता. चपला बाहेर काढायच्या, तासाचे पैसे आगाऊ द्यायचे, प्लायवूडच्या कप्प्यात बसायचे. मी निकाल बघायला गेलो होतो. ब्राउझरच्या पत्त्याच्या चौकटीत एकच अक्षर टंकले आणि खाली पत्त्यांची यादी उलगडली. त्यात एका आजाराच्या माहितीची पाच-सहा पाने लागोपाठ होती. माझ्या आधी त्या खुर्चीवरून कोण उठून गेले होते ते मला ठाऊक होते. त्यांना मी रोज रस्त्यात भेटत असे. त्यांनी घरी सांगितले नसेल ते मला कळले होते, आणि ते सांगणारे कोणी माणूस नव्हते. पुढे कित्येक दिवस त्यांच्याकडे सरळ बघणे मला जमले नाही.

२०११ साली सायबर कॅफेंसाठी केंद्र सरकारचे नियम आले. ग्राहकाची ओळख पटवून नोंद ठेवायची त्या वहीचे नियमांतले नाव चक्क ‘लॉग रजिस्टर’. ते किमान एक वर्ष जपायचे, पाहिलेल्या संकेतस्थळांचा इतिहासही जपायचा, आणि कप्प्यांच्या भिंती साडेचार फुटांहून उंच असता कामा नयेत. बोर्नच्या ओंडक्याचे नाव असे आपल्या तालुक्याच्या गावातल्या टेबलावरच्या दोनशेपानी वहीपर्यंत आले.

त्याच्या कितीतरी आधी, १९९४ साली, नेटस्केप या ब्राउझर-कंपनीतल्या तेवीस वर्षांच्या लू माँटुलीने ‘कुकी’ बनवली होती. गरज खरी होती : संकेतस्थळाला ग्राहकाची आठवण राहत नसे, त्यामुळे खरेदीची टोपली भरताच येईना. मग संकेतस्थळाने ग्राहकाच्याच संगणकावर एक चिठ्ठी ठेवायची, असे ठरले. एका संकेतस्थळाची चिठ्ठी दुसऱ्याला वाचता येऊ नये, ही काळजी माँटुलीने घेतली होती. जाहिरातवाल्यांनी पळवाट काढली : शेकडो पानांवर आपलीच जाहिरात लावायची आणि प्रत्येक पानावर आपलीच चिठ्ठी वाचायची. लोकांना याचा पत्ता लागला तो १९९६ च्या फेब्रुवारीत ‘फायनान्शियल टाइम्स’च्या बातमीनंतर. पुढच्याच वर्षी इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या गटाने अशा परक्या चिठ्ठ्या मुळातच बंद ठेवाव्यात अशी शिफारस केली. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही ती पाळली नाही. माझ्या मते या कुळकथेतले सर्वांत महागात पडलेले दुर्लक्ष हेच.

नाव काढून टाकले की नोंद निरुपद्रवी होते, असे तेव्हा सांगत. २००६ साली एओएल या इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख लोकांनी शोधलेले दोन कोटींच्या आसपास शब्दसमूह, नावांऐवजी क्रमांक घालून, संशोधकांसाठी खुले केले. काही दिवसांतच ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीदारांनी त्यांतल्या एका क्रमांकामागची वृद्ध बाई तिने काय काय शोधले एवढ्यावरून हुडकून काढली.

सगळेच लक्षात ठेवणाऱ्या यंत्राचे स्वप्न मात्र याहून जुने आहे. अमेरिकी अभियंते व्हॅनेव्हर बुश यांनी जुलै १९४५ च्या ‘अटलांटिक’ मासिकात ‘मेमेक्स’ नावाचे एक कल्पनेतले मेज मांडले : माणसाने वाचलेले सगळे सूक्ष्मपटावर, आणि एका कागदावरून दुसऱ्याकडे जाणाऱ्या त्याच्या विचारांच्या वाटाही जपलेल्या. ती कल्पना मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या गॉर्डन बेल यांनी स्वतःवर करून पाहिली. पत्रे, बिले, फोन, छायाचित्रे, सगळे संगणकात साठवायचे. प्रकल्पाचे नाव ‘मायलाइफबिट्स’. नंतर हा नाद त्यांनी स्वतःच सोडला. बेल यांचे १७ मे २०२४ रोजी निधन झाले, आणि तीनच दिवसांनी, २० मे रोजी, मायक्रोसॉफ्टने ‘रिकॉल’ जाहीर केले.

रिकॉल दर काही सेकंदांनी पडद्याचे छायाचित्र घेते आणि त्यातला मजकूर वाचून शोधता येईल असा साठवते. ‘तो निळ्या तक्त्याचा कागद कुठे पाहिला होता?’ असे विचारले की ते दाखवते. ज्याचा दिवस शेकडो कागदांत जातो, ज्याची स्मरणशक्ती आजाराने दुबळी झाली आहे, त्याच्यासाठी ही खरी मदत आहे. माहिती संगणकाबाहेर जात नाही, असे कंपनीने सांगितले होते. पण सुरक्षातज्ज्ञांनी चाचणीच्या आवृत्तीत ती साठवण उघडून दाखवली : सगळा मजकूर साध्या अक्षरांत, कुलपाशिवाय. जूनमध्ये कंपनीने पाऊल मागे घेतले. रिकॉल आपणहून चालू होणार नाही, मालकाने चालू करावे लागेल, साठवण कुलूपबंद राहील आणि ती उघडायला चेहरा, बोट किंवा पिन लागेल, असे ठरले. या बदलांनिशी ते एप्रिल २०२५ पासून बाजारात आहे.

हे बदल चांगले आहेत आणि ओरड झाली म्हणूनच झाले. तरी दोन गोष्टी मला पटत नाहीत. पहिली म्हणजे पडद्यावर केवळ मालक नसतो. मैत्रिणीने विश्वासाने पाठवून नंतर पुसलेला संदेश, बहिणीचा तपासणी अहवाल, या साऱ्यांचे चित्र निघते, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. ‘सिग्नल’ या संदेश-ॲपने मे २०२५ मध्ये विंडोजवरची आपली खिडकी अशा छायाचित्रांपासून झाकून घेतली ती याच कारणाने. दुसरी गोष्ट घरातली. ज्या घरात नवऱ्याला बायकोचा पिन ठाऊक असतो, किंवा जबरदस्तीने घेतला जातो, तिथे कुलपाचा उपयोग नाही. हेल्पलाइनचा क्रमांक शोधणाऱ्या बाईला एका यादीतली एक ओळ पुसता येत होती. आता तिला चित्रांची आख्खी पेटी सांभाळायची आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. तो हक्क त्या बाईचाही आहे.

तुमचा संगणक नव्या, रिकॉल असलेल्या जातीचा असेल तर आज सेटिंग्ज उघडा, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये जा आणि ‘रिकॉल अँड स्नॅपशॉट्स’ चालू आहे की बंद ते बघा. हवे असेल तर चालू ठेवा, पण ती चित्रे किती दिवस ठेवायची हे तिथेच ठरवता येते, ते ठरवा. घरात एकच संगणक चौघे वापरत असतील तर चौघांची खाती वेगळी करा. आणि कॉलेजच्या लॅबमधून किंवा दुसऱ्याच्या टेबलावरून उठताना नुसते लॉग-आउट करून थांबू नका. इतिहास पुसा, मगच उठा.