प्रमाणपत्रानंतरचा काळ : इंग्लंडमधील नवप्रसाविका आणि तिचा आधार (१९०२–१९३८)

व्यवसायांच्या इतिहासात शिक्षण आणि परवाना यांची चर्चा विपुल आढळते; परंतु परवाना हाती पडल्यापासून व्यवसायात पाऊल स्थिरावेपर्यंतच्या काळाकडे सहसा दुर्लक्ष होते. इंग्लंड व वेल्समधील प्रसाविकांच्या बाबतीत हा मधला काळच निर्णायक ठरला. नवशिक्या प्रसाविकेच्या एकाकीपणाची किंमत तेथे केवळ तिलाच नव्हे, तर बाळंतिणीला आणि अर्भकालाही मोजावी लागत असे.

इ. स. १९०२ च्या कायद्याने मध्यवर्ती प्रसाविका मंडळ स्थापन झाले व नोंदणी सुरू झाली. १९०५ पासून प्रमाणपत्राशिवाय ही उपाधी लावण्यास बंदी झाली. १९१० पासून डॉक्टरच्या देखरेखीवाचून बाळंतपणाचा धंदा करणेही अप्रमाणित सुईणींना निषिद्ध ठरले. आरंभीच्या नियमांनुसार शिक्षणाचा किमान काळ अवघा तीन महिन्यांचा होता व त्यात वीस प्रसूती हाताळणे आवश्यक असे. परीक्षा उत्तीर्ण होताच विद्यार्थिनी कायद्याने स्वतंत्र होई. काल जिच्या शेजारी शिक्षिका उभी होती, तिला आज एखाद्या गरीब वस्तीतील खोलीत एकटीने निर्णय घ्यावा लागे.

या कायद्याने तिच्यावर देखरेख ठेवली होती. परंतु ती तपासनिसाची होती. तिची पिशवी, नोंदवही, एवढेच नव्हे तर तिचे घरही तपासले जाई. धोक्याची लक्षणे दिसताच डॉक्टरला पाचारण करणे तिच्यावर बंधनकारक होते. मात्र त्याचे शुल्क कोणी द्यावे, हे कायद्याने ठरविले नव्हते. निर्धन कुटुंबाकडून पैसे मिळण्याची शाश्वती नसे. शिवाय डॉक्टरला बोलावण्याची सूचना म्हणजे प्रसाविकेच्या अकौशल्याची कबुली, असाही समज होण्याची भीती असे. अनुभव कमी असणारीला ही कोंडी अधिक जाचक होती, हे उघड आहे.

पुढील सुधारणांचा क्रम या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. १९१८ च्या कायद्याने प्रसाविकेने बोलावलेल्या डॉक्टरचे शुल्क स्थानिक अधिकारसंस्थेने द्यावे व नंतर ते शक्य तेथे कुटुंबाकडून वसूल करावे, असे ठरविले. त्यामुळे मदत मागणे हा तिच्या दृष्टीने आर्थिक प्रश्न उरला नाही. १९३६ च्या कायद्याने घरगुती प्रसूतींसाठी पुरेशा पगारी प्रसाविका नेमण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. दर बाळंतपणामागे मिळणाऱ्या तुटपुंज्या रकमेवर जगणाऱ्या स्त्रीला प्रथमच स्थिर वेतनाची हमी मिळाली. १९३७ मध्ये आरोग्य मंत्रालयाने पर्यवेक्षिकेची भूमिका कठोर टीकाकाराची नसून सल्लागार व स्नेही यांची असावी, अशी अपेक्षा व्यक्त केली. १९३८ पासून शिक्षणाचे दोन भाग करण्यात आले. दुसऱ्या भागात विद्यार्थिनीने लोकांच्या घरी जाऊन, परंतु अनुभवी प्रसाविकेच्या मार्गदर्शनाखाली, काम करावयाचे होते. तो पुरा झाल्याखेरीज स्वतंत्र व्यवसायास परवानगी नव्हती.

या चार उपायांपैकी केवळ शेवटचा शिक्षणक्रमाशी संबंधित आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. उरलेल्या तिहींचा संबंध पैसा, नेमणूक आणि देखरेखीची वृत्ती यांच्याशी आहे. नवप्रसाविकेची अडचण निव्वळ अज्ञानाची असती, तर शिक्षणाची मुदत वाढविल्याने ती सुटली असती. ही मुदत १९१६ व १९२६ मध्ये वाढविण्यात आली होतीच. तरीही १९३६ च्या कायद्याची गरज भासली. ज्ञान असूनही ते वापरण्याचे स्वातंत्र्य तिला परिस्थितीने नाकारले होते, असा याचा अर्थ घ्यावा लागतो.

कायद्याने आखलेली पर्यवेक्षणाची ही पद्धती ब्रिटनमध्ये ३१ मार्च २०१७ रोजी संपुष्टात आली. तथापि २०२० मध्ये तेथील परिचर्या व प्रसाविका परिषदेने नव्या नोंदणीकृत व्यक्तींना आरंभी अनुभवी सहकाऱ्याची साथ मिळावी, यासाठी तत्त्वे प्रसिद्ध केली. तपासणी आणि पाठराखण यांत भेद आहे, हे १९३७ मध्ये मान्य झालेले सूत्र नव्या रूपाने पुन्हा मांडावे लागले. प्रमाणपत्र योग्यतेची साक्ष देते. त्या योग्यतेला निर्भयता मिळवून देणे मात्र संस्थेचे कर्तव्य राहते.